बिबट्या 'इज कमिंग डेली'!

आपलं इंग्रजी वाक्य 'बरोबर वाटतंय का', हे आपण सगळेच रोज कुणाला तरी विचारतो. जुन्नर-आंबेगावच्या उसात उभं राहून हाच प्रश्न विचारला, तर मात्र उत्तर ग्रामरच्या पुस्तकात सापडत नाही...

मेल लिहून झालाय, सीसीमध्ये बॉस आहे, बोट 'सेंड'वर आहे आणि नेमकी एका वाक्यावर नजर अडकते. 'डिस्कस अबाउट' की नुसतं 'डिस्कस'? 'रिव्हर्ट बॅक' चालतं का? 'मायसेल्फ अमुक तमुक' लिहिलं तर समोरचा हसेल का? मग खुर्ची सरकवून शेजारच्या डेस्कवरच्या कॉन्व्हेंटवालीला विचारायचं. ती स्क्रीनकडे दोन सेकंद बघते आणि म्हणते, 'साउंड्स ओके'. झालं! ते का ओके, कुणासाठी ओके, हे तिलाही सांगता येत नाही. आपणही विचारत नाही, कारण सात वाजून गेलेले असतात आणि बस पकडायची असते.

आमच्या पिढीचं इंग्रजीशी नातंच असं आहे. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत भेटायचं. माझ्यासारख्या सुरुवातीच्या बॅचेसना म्हणून इंग्रजी 'परकं' वाटत नाही. सिनेमे सबटायटल्सशिवाय कळतात, मीटिंगमध्ये बोलता येतं. हात थरथरतो तो लिहिताना. घरी आजोबांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि बाबांचं रेन अँड मार्टिन. (त्यातले रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन, मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात नोकरीला होते. ग्रामरचा माणूस फॉरेन लीजनच्या गोष्टी लिहायचा, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर ते पुस्तक जरा प्रेमाने उघडलं असतं.) दोन्ही पुस्तकं चूक की बरोबर एवढं सांगतात. वाचणाऱ्याच्या डोक्यात काय उमटेल, हे सांगत नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक ए-फोर कागद.

कॉलेजमधल्या एका मित्राने मंचरच्या पुढे, आंबेगाव तालुक्यात, स्वतःच्या शेतातल्या घरी होमस्टे सुरू केलाय. तीन खोल्या, समोर अंगण, तिन्ही बाजूंना ऊस. या भागात हे आता नवीन नाही. 2018 मध्ये शेजारच्या जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया' या नावाखाली बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात शिवनेरी आहे. नाणेघाट आहे, लेण्याद्री-ओझर आहे, भीमाशंकर आहे, खोडदची 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. वीकेंडला हिंजवडीतून निघालेल्या गाड्या नारायणगावच्या पुढे जातात आणि त्यातल्या निम्म्यांत मराठी न वाचणारं कुणीतरी असतंच. म्हणून खोलीत ठेवायला इंग्रजी माहितीपत्रक हवं. ते त्याने स्वतः लिहिलं आणि मला पाठवलं: 'जरा इंग्लिश चेक कर ना. फक्त मिस्टेक्स बघ.'

मिस्टेक्स होत्याच. पण गंमत बघा, ज्या ओळींत व्याकरणाची चूक नव्हती, त्याच जास्त धोकादायक निघाल्या.

माशाशिवाय मासवडी

सुरुवात जेवणापासून. मेन्यूत लिहिलं होतं 'फिश रोल विथ स्पायसी करी'. मासवडी हो! चण्याच्या पिठाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, वड्या कापलेल्या, सोबत झणझणीत रस्सा. जुन्नर-आंबेगावची शान, आणि शंभर टक्के शाकाहारी. मासा आहे तो नावात. भाषांतर शब्दशः बघाल तर बिनचूक, पण ते वाचून एक शाकाहारी कुटुंब अंडाभुर्जीही नको म्हणून दही-भातावर झोपलं. इथे उपाय सोपा आहे. नाव 'मासवडी'च ठेवायचं आणि पुढे एका ओळीत ती कशाची असते ते सांगायचं. पिझ्झ्याला आपण कधी 'इटालियन भाकरी' म्हटलं नाही.

'केव्हज'चंही तसंच. मराठीत गुहा वेगळी आणि लेणं वेगळं. लेणं माणसाने कोरलेलं असतं. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत अशी लेणी शेकड्याने आहेत. इंग्रजीत दोन्हींना 'केव्ह' म्हणून चालतं, डिक्शनरीला काहीच हरकत नाही. पण नुसतं 'केव्हज' वाचून येणाऱ्याला वटवाघळं आणि टॉर्च आठवतात. आधी 'रॉक-कट' हा जोडशब्द लावला की छिन्नी दिसायला लागते.

आता मुख्य ओळ. कागदाच्या तळाशी, हायलाइट करून:

'हिअर टायगर इज कमिंग डेली इन इव्हनिंग.'

या वाक्यात दोन गोष्टी आहेत. पहिली, टायगर. या भागात बिबट्याला सर्रास 'वाघ' म्हणतात. 'काल वाघ आला होता', 'वाघानं कुत्रं नेलं'. ऐकणाऱ्याला कळतं कोणता ते, कारण पट्ट्यांचा वाघ इथे नाहीच. मित्राने आईचं वाक्य जसंच्या तसं ट्रान्सलेट अॅपमध्ये टाकलं आणि अॅपने इमानदारीत 'टायगर' दिला. शब्द बरोबर, प्राणी चुकला. (जुन्या इंग्रजी शिकारकथांत याच बिबट्याला 'पँथर' म्हणतात, तो आणखी वेगळा घोळ.)

दुसरी गोष्ट, 'इज कमिंग डेली'. आपल्या 'येत असतो'ची ही सावली. इंग्रजीत रोजच्या सवयीसाठी साधं 'कम्स' वापरतात, हे कुठलाही शिक्षक सांगेल. पण मला ती चूक लाल पेनाने गोल करण्याएवढी मोठी वाटत नव्हती. अर्थ तर कळतोच की... असं वाटत होतं, तोवर मित्राने पुढचं सांगितलं.

बेंगळुरूहून आलेल्या एका जोडप्याने तो कागद वाचला, चहा घेतला आणि सहाच्या सुमाराला दोन खुर्च्या उचलून उसाच्या बांधावर नेऊन मांडल्या. कॅमेरा, ट्रायपॉड, सगळं. रोज संध्याकाळी येतो म्हणून लिहिलंय ना! 'सनसेट पॉइंट'च्या खाली 'टायगर डेली' वाचलं तर कुणाला वाटेल ही धोक्याची सूचना आहे? त्यांना तो शोचा टायमिंग वाटला. काकूंनी आरडाओरडा करून दोघांना आत आणलं. काही झालं नाही. पण काय होऊ शकलं असतं हे या तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2024 मध्ये जुन्नर वन विभागातली 233 गावं बिबट्याच्या धोक्यासाठी आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसं गेली आणि लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला.

मग तपासायचं कसं?

बहुतेक जण करतात ते असं: पूर्ण वाक्प्रयोग अवतरणचिन्हांत घालून सर्च करायचा, खाली आकडा बघायचा, लाखात असला की 'बरोबर'. तो आकडा विसरा. एक तर तो अंदाजे असतो, आणि लाखो लोकांनी लिहिलेलं लाखो लोकांच्या अडचणीचंही असू शकतं. आकड्यापेक्षा पहिली दोन पानं वाचा. हा शब्दप्रयोग कोण करतंय? कुठल्या देशातलं वर्तमानपत्र, सरकारी परिपत्रक, की चार दिवसांपूर्वी सुरू झालेली ट्रॅव्हल कंपनी?

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे कॉर्पस. म्हणजे खऱ्या पुस्तकांतून, पेपरांतून, संभाषणांतून गोळा केलेला भाषेचा साठा. 1987 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर आणि मंडळींनी अशाच साठ्यावरून 'कोबिल्ड' डिक्शनरी काढली. 'लोकांनी काय म्हणावं'ऐवजी 'लोक काय म्हणतात' यावर उभी राहिलेली. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस 10 कोटी शब्दांचा आहे, अमेरिकन 'कोका' 100 कोटींच्या वर. त्यात शब्द टाकला की त्याची दोस्तमंडळी दिसतात. पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग', उलट नाही, हे कुठल्या नियमात बसत नाही, सवयीत बसतं.

या चाळणीतून आपल्याकडची रस्त्यावरची पाटी काढून बघितली. 'लेपर्ड प्रोन एरिया'. पुणे-नाशिक रस्त्याने गेलेल्यांनी 'अॅक्सिडेंट प्रोन एरिया' हा तिचा मोठा भाऊ पाहिलेला असतो. 'फ्लड-प्रोन' जगभर चालतं. 'अॅक्सिडेंट-प्रोन' इंग्लंडमध्ये बहुतेकदा माणसाला म्हणतात, सारखा धडपडणाऱ्या. रस्त्याच्या तशा जागेला ते 'ब्लॅकस्पॉट' म्हणतात. आणि 'लेपर्ड-प्रोन' शोधलं तर जे सापडतं ते जवळजवळ सगळं भारतीय बातम्यांतलं. म्हणजे चूक? मला नाही वाटत. पाटी वाचणारे भारतीय आहेत, त्यांना 'प्रोन' म्हणजे 'इथे असं होतं' हे पक्कं ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या वाचकाला चमत्कारिक वाटेल एवढंच.

भारतीय इंग्रजीला उगाच खाली मान घालायला लावू नये, या मताची मी आहे. 'डू द नीडफुल'वर आपण हसतो, पण ते ब्रिटिशांच्याच पत्रव्यवहारातलं. त्यांनी टाकून दिलं, आपण जपलं. 'प्रीपोन' तर आपलाच शोध असं आपण छाती काढून सांगतो, आणि ऑक्सफर्डच्या नोंदीत त्याचा एक दाखला 1913 च्या न्यूयॉर्क टाइम्समधल्या वाचकाच्या पत्राचा आहे. 'आउट ऑफ स्टेशन' हे छावण्यांच्या काळातलं. पुण्याहून चेन्नईला मेल जाणार असेल तर बिनधास्त मीटिंग प्रीपोन करा. शिकागोला जाणार असेल तर 'मूव्ह अप' लिहा. प्रश्न एवढाच असतो की मेल कुणाला चाललाय.

पाटीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. 'लेपर्ड प्रोन एरिया' वाचून मी नेमकं करायचं काय? गाडीची काच वर? टॉयलेटसाठी उसाच्या कडेला थांबू नको? तिन्ही शब्द शाबूत आहेत, त्यात क्रियापद मात्र नाही. खोडदच्या दुर्बिणीपाशी मोबाईल बंद करायला लावतात. सायलेंट नव्हे, बंद. कारण सायलेंट फोनही रेडिओ लहरी सोडतच राहतो आणि आकाशातून येणारा क्षीण सिग्नल बुडवतो. तिथे 'सायलेंट' आणि 'ऑफ' यांतला फरक कळला की पाहुणा निमूटपणे फोन बंद करतो. सूचना अशी असावी.

'स्ट्रेड'ची गोष्ट

मी कागदाची पहिली दुरुस्ती केली तेव्हा त्या ओळीला पेपरातलं छान, वळणदार इंग्रजी दिलं होतं: 'लेपर्ड्स ऑफन स्ट्रे इन्टू द व्हिलेज.' कॉर्पसमध्ये 'स्ट्रे इन्टू' ढिगाने सापडतं. नॅचरल, एकदम नेटिव्ह. पाठवण्याआधी काकूंना मराठीत वाचून दाखवलं: 'बिबटे बरेचदा जंगलातून वाट चुकून गावात येतात.'

काकू म्हणाल्या, 'वाट कशाला चुकतोय पोरी? हितंच जल्मलाय तो.'

आणि त्यांचं म्हणणं शास्त्रीय निघालं. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, डिंभे त्यातलंच एक, पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, माणसाच्या डोक्यावर जाणारा ऊस. बिबट्याच्या माद्या त्यातच वितात. तोडणी सुरू झाली की फडात बछडे सापडतात आणि वन विभागाची माणसं आईची वाट बघत ते पुन्हा जागेवर ठेवतात. संशोधक विद्या अत्रेय यांनी इथे आणि शेजारच्या अकोले तालुक्यात वर्षानुवर्षं काम केलं. हे बिबटे शेतातलेच रहिवासी आहेत हे त्या कामातून दिसलं. अकोल्यात तर त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला.

आता 'स्ट्रे' या शब्दाकडे परत बघा. जो चुकून आलाय, त्याला त्याच्या घरी सोडून यायचं, हे ओघानेच आलं. 2000 नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागात तेच झालं. पिंजरे लावले, बिबटे पकडले, दूरच्या जंगलांत नेऊन सोडले. आणि 2001 ते 2003 या काळात माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी एकदम वाढले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 'कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात हा संबंध मांडला: अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी आणि वाढलेले हल्ले. एका क्रियापदामुळे धोरण ठरलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या समजुतीवर धोरण उभं होतं, तीच समजूत आजही इंग्रजी बातम्यांत 'स्ट्रेड' म्हणून रोज सफाईदारपणे छापली जाते. व्याकरण पास, कॉर्पस पास, कान पास... आणि वाक्य खोटं. हे कुठलंही सॉफ्टवेअर पकडणार नाही, कारण सॉफ्टवेअरला उसाचा फड माहीत नाही.

'मॅन-ईटर' हाही असाच शब्द. कॉर्बेटच्या पुस्तकांनी त्याला वलय दिलं, आपण त्याचं 'नरभक्षक' केलं आणि कुठलाही हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी हेडलाइनमध्ये लावून टाकतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 11 हा शब्द वापरत नाही. तिथे 'मानवी जीवितास धोकादायक' या अर्थाचा कोरडा प्रयोग आहे. पण ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराला शब्दांची ही काटेकोर निवड ऐकवायची माझी हिंमत नाही. रात्रीची थ्री-फेज लाईट आली की पाणी धरायला उसात जावं लागणाऱ्या माणसाने त्या प्राण्याला काय म्हणायचं, हे त्याचं त्यालाच ठरवू दे. गेस्टरूममधला कागद मात्र आपल्या हातात आहे.

'नेसल्ड' नको रे बाबा

मधल्या काळात मित्राने आगाऊपणा केला. माझ्यावर विसंबून न राहता अख्खा कागद एका एआय चॅटबॉटला देऊन 'मेक इट प्रोफेशनल' सांगितलं. परत आलं ते असं चकचकीत, की घर ओळखू येईना. 'नेसल्ड अमिड्स्ट लश शुगरकेन फील्ड्स', 'सेरीन', 'ऑथेंटिक', 'अनफर्गेटेबल'. आणि बिबट्याच्या ओळीचं काय झालं असेल? 'अ हेवन फॉर वाइल्डलाइफ लव्हर्स!' एकही चूक नाही. फक्त खुर्च्या परत बांधावर.

अशा मदतीला माझा विरोध नाही, मीही ती घेते. पण तिला 'हे छान कर' असं न सांगता 'हे वाचून दिल्लीचा पाहुणा संध्याकाळी सहा वाजता काय करेल' असं विचारलं तर कामाचं उत्तर मिळतं. आम्ही मग तसंच केलं आणि वर एक जुना उपाय केला: मराठी येत नसलेल्या एका मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवलं आणि तिला काय समजलं ते तिच्या शब्दांत परत सांगायला लावलं. पहिल्या वेळी ती म्हणाली, 'सो देअर इज अ सफारी?' तिसऱ्या वेळी म्हणाली, 'ओके, सो आय स्टे इन आफ्टर डार्क.' तो मजकूर फायनल.

'लेपर्ड्स लिव्ह इन द शुगरकेन अराउंड धिस हाऊस. आफ्टर सनसेट, डू नॉट वॉक आउट अलोन. कीप चिल्ड्रन इनसाइड. इफ यू मस्ट गो टू युवर कार, कॉल अस. वी विल कम विथ अ टॉर्च.'

मित्र हिरमुसला. 'एवढं सोपं? चौथीच्या पुस्तकातलं वाटतंय गं. एक तरी 'काइंडली' टाक.' त्याच्या आग्रहाखातर मी 'काइंडली' घातलं, पण चपला बाहेर काढायच्या ओळीत. तिथे ते शोभतं.

प्रिंट काढायच्या आधी काकूंनी एक हरकत घेतली. पाहुणे काय सगळे इंग्रजीवालेच येतात का? पुण्याचीही माणसं येतात, त्यांना मराठी नको? मग सगळ्यात वर त्यांनी सांगितलेली ओळ मोठ्या टायपात घेतली: 'अंधार पडला का एकटं बाहेर नाय जायचं. वाघ हाय.' मी 'वाघ'च्या जागी 'बिबट्या' करू का विचारलं. त्या म्हणाल्या, 'बिबट्या म्हणलं का शहरातली पोरं फोटो काढाय जात्यात. वाघच ऱ्हाऊ दे.'

तो शब्द तसाच ठेवून प्रिंट काढला. तीन खोल्यांसाठी तीन, आणि एक जास्तीचा. तो त्यांनी अंगणात जिथून बांधाकडे पायवाट जाते, तिथल्या खांबाला चिकटवलाय.